करवंद, कोकम, कैरीचं फसफसतं सरबत घरीच करा. हळदीच्या मांडवातही चालेल, दारूची गरज नाही

पेण/रोहा : मे महिना लागला की मुंबई-गोवा महामार्गावर वडखळपासून नागोठणे, कोलाडपर्यंत रस्त्याच्या कडेला रानमेवा दिसायला लागतो. आदिवासी वाडीवरच्या बायका पहाटे डोंगरात जातात, काट्यांतून करवंदं काढतात आणि दुपारच्या उन्हात द्रोण भरून बसतात. गाडी थांबली तर विक्री. संध्याकाळपर्यंत माल उरला की भाव पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच करवंदं मऊ पडून पाणी सोडतात. जांभळाचं तर त्याहून वाईट, ते सकाळचं संध्याकाळी टिकलं तरी पुष्कळ.

दुसरीकडे याच महिन्यात गावोगावी हळदी आणि लग्नं असतात. मांडवात थंड पेयाच्या मोठमोठ्या बाटल्या येतात. त्यात फळाचा रंग आणि वास असतो, फळ बहुतेक वेळा नसतं. आणि मांडवामागे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. अलिबाग, कोलाडच्या रिसॉर्टमध्ये मात्र आपलीच करवंदं, आपलंच कोकम सोड्यात घालून, वर पुदिन्याचं पान लावून काचेच्या ग्लासात देतात. त्याला ते मॉकटेल म्हणतात. दारू घातली तर कॉकटेल.

हे पेय घरी करायला काहीही अवघड नाही. मिक्सरसुद्धा लागत नाही. पण फेस कुठून येतो, पाक कसा टिकतो आणि कुठे धोका आहे हे समजून केलं तर पैसा वाचेल, फळ वाचेल आणि कोणाला त्रास होणार नाही. म्हणून ही माहिती सविस्तर.

फेस म्हणजे नेमकं काय?

सोड्यातले बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच. इंग्लंडच्या लीड्स गावात जोसेफ प्रिस्टली नावाचा माणूस बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. १७६७ मध्ये त्याने आंबवणाच्या पिंपावर साठणारा हा वायू पाण्यात मिसळून पाहिला आणि पाण्याला फसफसती चव आली. १७७२ मध्ये त्याने ही कृती छापून जाहीर केली. त्यानंतर शंभर वर्षांनी, १८७२ मध्ये, हायरम कॉड या इंग्रज माणसाने काचेच्या गोटीने बंद होणाऱ्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचाच दाब गोटीला वर ढकलून तोंड बंद ठेवतो. आपल्या जत्रेतला गोटी सोडा तो हाच.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. वायू थंड पाण्यात जास्त मुरतो आणि गरम पाण्यातून पळतो. साध्या हवेच्या दाबाला २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम एक लिटरच्या आसपास वायू मुरतो. तेच पाणी शून्य अंशाजवळ नेलं तर जवळजवळ दुप्पट. सोड्याच्या बाटलीत दाब देऊन याच्याही कितीतरी जास्त वायू कोंबलेला असतो. म्हणून उन्हात ठेवलेली बाटली उघडली की निम्मा सोडा अंगावर येतो आणि ग्लासात उरतं ते मिळमिळीत पाणी. सोडा थंडगार हवाच. पाकसुद्धा थंड हवा. अर्धं काम इथेच होतं.

पाच गोष्टींचा हिशोब

जगभर मांडवात, पार्टीत जे ‘पंच’ नावाचं मिश्र पेय देतात, त्याचं नाव आपल्या ‘पाच’वरून, म्हणजे संस्कृत पंचवरून गेलं असं मानतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने हिंदुस्थानातून १६३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात हा शब्द सापडतो. पाच गोष्टी म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. ‘कॉकटेल’ हा शब्द त्यामानाने नवा. त्याचा अर्थ अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने १८०६ मध्ये छापून सांगितला.

हाच पाचाचा हिशोब आपण धरू, फक्त दारू काढून तिथे फळ बसवू. आंबट-तुरट फळ, गोडी, मीठ-मसाला, थंडावा आणि फेस. या पाचांपैकी एक जरी कमी पडलं तरी पेय फिकं लागतं. नुसता गोड पाक सोड्यात घातला की ते बाजारातल्या बाटलीसारखंच लागतं. चिमूटभर मीठ आणि थोडं लिंबू पडलं की फळाची खरी चव वर येते.

आधी पाक करून ठेवा

ग्लास भरायला दोन मिनिटं लागतात. खरं काम पाकाचं. तो एकदा नीट झाला की वर्षभर चिंता नाही.

करवंदाचा पाक : पूर्ण पिकलेली काळी करवंदं एक किलो घ्या. कच्च्या फळात चीक जास्त असतो, ती बाजूला काढा. त्याचं लोणचं होईल. फळं कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोन-तीनदा धुवा. स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी घालून दहा मिनिटं उकळा. अॅल्युमिनियम, तांबं, पितळ नको, कारण आंबट रस भांड्याला लागतो. फळं मऊ झाली की पळीने चेचा आणि धुतलेल्या सुती फडक्यातून गाळा. फडकं फार पिळू नका, रस गढूळ होतो. साधारण एक किलो रस मिळेल.

आता साखर. इथेच बहुतेकांचं चुकतं. साखर कमी घातली की पाक आठ-पंधरा दिवसांत फसफसतो. बाहेर ठेवून टिकवायचा असेल तर वजनाने एक किलो रसाला दीड किलो साखर लागते. असं केलं की पाकात सुमारे ६५ टक्के साखर होते आणि एवढ्या गोडात सहसा काही वाढत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांतही फळांच्या सिरपसाठी हाच ६५ टक्क्यांचा आकडा आहे, आणि त्यात किमान २५ टक्के फळांचा रस असावा लागतो. साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद. जास्त आटवलं तर वास जातो आणि पाक खडीसाखरेसारखा बसतो.

काचेच्या बाटल्या आणि झाकणं आधी वीस मिनिटं पाण्यात उकळून, उपड्या घालून कोरड्या करा. बाटली गरम असतानाच गरम पाक भरा. थंड काचेत गरम पाक ओतला तर बाटली तडकते. झाकण घट्ट लावून अंधाऱ्या जागी ठेवा, म्हणजे रंग टिकतो. उघडल्यावर मात्र फ्रिजमध्ये. फ्रिज असेल तर एक किलो रसाला एक किलो साखरही चालते, पण मग महिन्याभरात संपवायचा.

कोकम : याला गॅसच नको. ताजी पिकलेली रातांबी धुऊन, पुसून, फोडून बी वेगळं काढायचं. एक किलो सालीला दोन किलो साखर घेऊन बरणीत साल, साखर, साल, साखर असे थर लावायचे. वर फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात. रोज कोरड्या चमच्याने हलवायचं. साखर विरघळून लालभडक पाक सुटतो, तो गाळून घ्यायचा. हेच अमृत कोकम. उरलेली साल टाकू नका, मुलं तशीच खातात. कोकमाचं आगळही सोड्यात चालतं, पण त्यात आधीच मीठ असतं, म्हणून वरून मीठ घालू नये. पाऊस लवकर आला तर उन्हं मिळत नाहीत, तेव्हा हे काम मे संपायच्या आत उरकायला हवं.

कैरी : उकडून किंवा चुलीच्या निखाऱ्यावर भाजून गर काढा. एक वाटी गराला दोन वाट्या गूळ किंवा साखर, थोडं मीठ, वेलची. हे नेहमीचं पन्हं. फरक एवढाच की गर जाड असल्याने त्यावर थेट सोडा ओतला की फेस उतू जातो. म्हणून आधी दोन चमचे थंड पाण्यात गर सैल करायचा, मग सोडा. हा गर फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस राहतो. भाजलेल्या कैरीचा धुरकट वास सोड्यात फार छान लागतो.

जांभूळ : एक किलो फळाला पाव लिटर पाणी. नुसतं कोमट करून हाताने कुस्करा, बिया फुटू देऊ नका, कडवट होतं. गाळलेल्या एक किलो रसाला एक किलो साखर आणि दोन लिंबं. फ्रिजमध्येच ठेवा. यात पांढऱ्या मिठाऐवजी काळं मीठ घाला.

कलिंगड : भात निघाल्यावर पाण्याची सोय असलेल्या शेतात कलिंगड लावतात. हंगामाच्या शेवटी लहान, वेडीवाकडी फळं कोणी घेत नाही. त्यांचा रस उत्तम होतो, पण तो टिकत नाही. गाळा, लिंबू पिळा, थंड करा आणि दोन-तीन तासांत संपवा. अर्धा ग्लास रस, अर्धा ग्लास सोडा. साखर लागतच नाही.

ग्लास कसा भरायचा?

साधारण अडीचशे मिलीचा ग्लास घ्या.

१. तीन-चार बर्फाचे तुकडे.
२. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, थंड पाक.
३. अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ किंवा काळं मीठ, आवडत असेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड.
४. पुदिन्याची चार पानं तळहातावर एकदा आपटून टाका. वाटू नका. कैरीच्या ग्लासात हिरव्या मिरचीची एक उभी फाक टाकून पाहा.
५. शेवटी दीडशे मिली थंडगार सोडा, ग्लास तिरका धरून कडेने हळू सोडा.
६. चमचा तळापासून एकदाच वर आणा. ढवळत बसू नका.

मीठ सोड्याच्या आधी का? कारण मिठाचा प्रत्येक कण बुडबुड्याला चिकटायला जागा देतो. सोडा ओतल्यावर मीठ टाकलं की सगळा वायू एकदम उसळतो आणि ग्लास रिकामा. मसाला सोडावाल्याच्या गाडीवर तो उसळलेला फेस बघायला मजा येते, पण पिणाऱ्याच्या वाट्याला फेस कमीच येतो.

दुसरं, मांडवात हे पेय पिंपात किंवा बादलीत आधी कालवून ठेवू नका. अर्ध्या तासात फेस गेलेला असतो. पाक, लिंबू, मीठ आणि थोडं पाणी एका भांड्यात तयार ठेवा आणि सोडा प्रत्येकाच्या ग्लासात वरून घाला.

सोडा कुठला वापरायचा?

दुकानातला बाटलीबंद साधा सोडा सगळ्यात सोपा. गोड, लिंबू वासाचं पेय नको, नाहीतर गोडावर गोड होतं. गोटी सोडा मिळत असेल तर उत्तमच, फक्त बाटली कशी धुतात आणि पाणी कुठलं वापरतात ते विचारून घ्या. घरी सोडा करण्याची मशीनही मिळते. तिच्यात छोटा सिलिंडर असतो. ती फक्त थंड साध्या पाण्यावर चालवायची. रस किंवा पाक घालून दाब दिला की फेस मशीनभर होतो.

काही जण खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र करून फेस आणतात. खाण्याचा सोडा आंबटाला लागला की तोच वायू निघतो, यात खोटं काही नाही. पण त्यातून पाण्यात खारट चव उरते आणि सोडियम पोटात जातं, जे ब्लडप्रेशरवाल्यांना बरं नाही. शिवाय करवंद, जांभूळ, कोकम यांचा लाल रंग आंबटपणावर टिकून असतो. खाण्याचा सोडा पडला की आंबटपणा मरतो आणि लालभडक पेय निळसर-मळकट दिसायला लागतं. म्हणून या फळांना बाटलीतलाच सोडा.

रस बाटलीत आंबवून फेस आणू नका

मोबाइलवर आजकाल असे व्हिडिओ फिरतायत की फळाचा रस, साखर आणि थोडं यीस्ट बाटलीत भरून तीन दिवस ठेवा, आपोआप फेस येतो. फेस येतो हे खरं आहे. पण सोबत काय येतं ते कोणी सांगत नाही.

ताडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढलं की तीच फसफसायला लागते, आंबूस होते आणि डोक्यात जाते. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी सोडतं, वायू आणि अल्कोहोल. इडलीच्या पिठात तो वायू पीठ फुगवतो. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत त्याला जायला वाट नसते. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यात हे काम झपाट्याने होतं, दाब वाढत जातो आणि काचेची बाटली फुटते. काचा डोळ्यात जाऊ शकतात.

दुसरी बाजू कायद्याची. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं जातं. साखरेचा रस काही दिवस आंबवला की हा आकडा केव्हाच मागे पडतो. आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यातल्या कलम ६५ खाली गुन्हा आहे. ‘फळाचंच तर आहे, घरच्यासाठी केलं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

घरात ठेवलेला साधा पाक चुकून फसफसायला लागला, झाकण फुगलं, उघडताना ‘फुस्स’ आवाज आला, तर तो उकळून वापरायचा प्रयत्न करू नका. बाटली ओल्या फडक्यात धरून, तोंड दूर करून, हळू उघडा आणि पाक टाकून द्या. पुढच्या वेळी साखर पुरेशी घाला आणि बाटली नीट उकळा.

आणि दारू मिसळायची म्हणाल तर?

आगरी-कोळी पट्ट्यात हळदीचा विषय निघाला की दारूच्या खर्चाचा विषय निघतोच. गावकीच्या बैठकांत त्यावर बोलणं होतं. लग्नघरी कर्ज होतं आणि भांडणं होतात ती वेगळीच. आता त्यात नवीन भर म्हणजे पोरं फळाच्या गोड पेयात दारू मिसळून पितात. गोड-आंबट चवीत दारूचा कडकपणा जाणवत नाही, त्यामुळे किती पोटात गेली याचा अंदाज राहत नाही. साधं सरबत समजून एखादं लहान मूल किंवा गाडी चालवून घरी जाणारा पाहुणाही तो ग्लास उचलू शकतो.

कायद्याने राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दारू कुठली आहे ते कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन आहे. दिसायला, वासाला ते नेहमीच्या दारूसारखंच, पण थोडंसं पोटात गेलं तरी आंधळेपण येतं, मृत्यूही येतो. फळाचा रस, लिंबू, सोडा घालून त्याचं विष कमी होत नाही. पिऊन काही तासांनी डोळ्यांसमोर धुरकट दिसणं, पोटात दुखणं, उलट्या, धाप लागणं असं काही झालं तर ‘उतरेल’ म्हणून थांबू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. काय प्याला ते डॉक्टरला खरं सांगा.

मांडवात फळाच्या सोड्याचं एक टेबल लावलं म्हणजे दारू बंद होईल असं नाही. पण न पिणाऱ्यांच्या, बायकांच्या आणि मुलांच्या हातात चांगला ग्लास येतो, आणि ‘घे रे थोडी’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला हातात काहीतरी असतं.

बर्फ आणि साखर, दोन्ही बघून

आपल्याकडे मासळीसाठी लाद्यांचा बर्फ सगळीकडे मिळतो. तो पेयात घालू नका. राज्यात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे. निळसर झाक दिसली तर तो बर्फ खाण्याचा नाहीच, पण रंग नाही म्हणून तो चांगला असंही समजू नका. उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ घरी करा, किंवा खाण्याचा बर्फ बघून घ्या. जमत नसेल तर बाटल्याच बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करा आणि ग्लासात बर्फ टाकूच नका. पावसाळ्याच्या तोंडाला होणारे जुलाब-उलट्या निम्म्या पाण्यातून आणि बर्फातून येतात हे कुठलीही आशाताई सांगेल.

लग्नात धूर निघणारे ग्लास ठेवायची टूम आली आहे. तो धूर सुक्या बर्फाचा असतो, तापमान उणे ७८ अंश. तुकडा तोंडात गेला तर आतून जळतं. मुलं असलेल्या मांडवात त्याच्या वाटेला जाऊ नये.

साखरेचंही स्पष्ट बोलायला हवं. ३० मिली पाकात सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. फळाचं आहे म्हणून ते औषध होत नाही. रोज पिण्याची ही वस्तू नाही. मधुमेह असलेल्यांनी हा पाक टाळावा. त्यांच्यासाठी सोडा, लिंबू, काळं मीठ, पुदिना आणि भिजवलेला सब्जा एवढंच पुरे.

शंभर माणसांचा हिशोब

एक किलो करवंद आणि दीड किलो साखर यांतून सुमारे १.९ लिटर पाक होतो, म्हणजे साधारण ६३ ग्लास. शंभर ग्लासांना तीन लिटर पाक हवा. त्याला अंदाजे १.६ किलो करवंदं आणि २.४ किलो साखर लागते. सोडा १५ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या २० बाटल्या.

करवंद १०० रुपये किलो, साखर ४५ रुपये किलो आणि सोड्याची बाटली २० रुपये धरली, तर करवंदाचे १६०, साखरेचे १०८ आणि सोड्याचे ४०० असे सगळे मिळून ६६८ रुपये होतात. एका ग्लासाला सात रुपयांच्या आत. लिंबू, बर्फ, गॅस आणि ग्लास वेगळे. तुमच्या गावात भाव वेगळे असतील, त्याप्रमाणे आकडे बदलून घ्या. यातले करवंदाचे पैसे शेजारच्या वाडीत जातात, ही गोष्टही हिशोबात धरायला हवी. हळदीच्या आठ दिवस आधी वाडीवर सांगून ठेवलं तर त्या बाईला महामार्गावर उन्हात बसावं लागत नाही, आणि तुम्हाला निवडलेला ताजा माल मिळतो.

विकायचा विचार असेल तर

वनहक्क कायदा २००६ प्रमाणे आदिवासींना परंपरेने गोळा केलेल्या गौण वनउपजावर मालकी, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. म्हणजे करवंद आणि जांभूळ काढणं हा उपकार नाही, हक्क आहे. बचत गटांनी हाच माल पाक करून विकला तर संध्याकाळच्या पडत्या भावाची भीती राहत नाही. पण मग काही गोष्टी कराव्या लागतात.

विकण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, छोट्या धंद्यालाही. ती ऑनलाइन होते. बाटलीवर नाव, घटक, वजन किंवा माप, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा आणि नोंदणी क्रमांक छापावा. ‘शुगर बरी होते’, ‘रक्त वाढतं’ असले दावे लिहू नका. बाहेरून रंग घालू नका. करवंदाला तो लागतच नाही.

शिकायला लांब जायला नको. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र रोहा तालुक्यातच किल्ला इथे आहे. करवंदाची ‘कोकण बोल्ड’, कोकमाची ‘कोकण अमृता’ आणि जांभळाची ‘कोकण बहाडोली’ या जाती याच विद्यापीठाने दिल्या आहेत. बांधावर, वरकस जमिनीवर काय लावायचं आणि फळावर प्रक्रिया कशी करायची, हे तिथे विचारता येईल. गटाच्या नोंदणीसाठी आणि कर्जासाठी पंचायत समितीतल्या ‘उमेद’च्या कक्षात जावं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• बाहेर टिकवायचा पाक : एक किलो रसाला दीड किलो साखर, बाटल्या उकळलेल्या.
• सोडा आणि पाक दोन्ही थंडगार. मीठ आधी, सोडा शेवटी.
• लाल-जांभळ्या फळांत खाण्याचा सोडा नको.
• रस बाटलीत आंबवायचा नाही. बाटली फुटते आणि कायद्याने ते मद्यही ठरतं.
• बर्फ खाण्याचाच. मासळीचा नाही.
• फुगलेल्या झाकणाची बाटली टाकून द्यायची.

पहिला पाऊस पडला की करवंद संपतं, कोकमाची उन्हं जातात. हातात जेमतेम दोन-तीन आठवडे आहेत. यंदा घरापुरती एक बाटली तरी भरून ठेवा. गणपतीला पाहुणे आले की उघडता येईल.